जिव्या सोमा म्हसे यांचें भातशेत आणि खोती दप्तर

संगमेश्वर म्हटलें कीं इतिहासभक्तांस १६८९ सालचें संभाजीमहाराजांचें पकडलें जाणें आठवतें. शास्त्री-सोनवीच्या कांठीं भात लावणारा कुणबी कोणास आठवत नाहीं. आमचीहि गत तीच होती. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे वारली चित्रकार कै. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचीं भातशेतीचीं चित्रें पाहून आम्हांस ही उणीव प्रथम जाणवली. वारल्यांचें भित्तिचित्रण मुळांत सुवासिनींच्या हातचें, लग्नचौकाचें. १९७० नंतर म्हसे यांनीं तें कागदावर व कापडावर आणलें.

रसिक या चित्रांस ‘आदिम’, ‘निरागस’ म्हणून मोकळे होतात. आम्हांस हें मत मान्य नाहीं. टोंकास टोंक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, आणि तीं टोंकें जुळतात तेथें कंबर. लावणी करणाऱ्या बाईची जी जागा संध्याकाळपर्यंत मोडून येते तीच येथें सर्वांत बारीक आहे. खाचर वरून पाहिलेलें, माणसें बाजूनें पाहिलेलीं, क्षितिज नाहीं. यास कोणी यथादर्शनाचें अज्ञान म्हणेल. परंतु ओणव्यानें मागें मागें सरकणाऱ्यास क्षितिज दिसतें कोठें? भिंतीवरचा पांढरा रंगहि तांदळाच्या पिठाचाच.

विष्णुधर्मोत्तरांतील चित्रसूत्र शरद् ऋतूसाठीं पिकलेलें शेत काढावयास सांगतें. तेथें शेत आहे, शेतकरी नाहीं. खोती दप्तरांचा प्रकार फारसा निराळा नव्हे. खंडी, मण, पायली यांचा हिशेब चोख. कुळाचें नांव येतें तें देण्यापुरतें. अर्धेल किती आली हें कळतें, तरवा कोणीं उपटला हें कळत नाहीं.

तथापि चित्रासहि भाबडेपणानें साक्षीस उभें करूं नये. १९४५ सालीं तलासरी-उंबरगांव भागांत वारल्यांनीं वेठीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर यांनीं ‘जेव्हां माणूस जागा होतो’ यांत त्याची हकीकत दिली आहे. म्हसे तेव्हां दहा-अकरा वर्षांचे असतील. परंतु आम्हीं पाहिलेल्या त्यांच्या शेतीच्या चित्रांत जमीनदार कोठेंहि नाहीं. दप्तरानें गाळलेला माणूस येथें सांपडतो, आणि ज्याच्यासाठीं दप्तर लिहिलें गेलें तोच येथें गळतो. एकट्या चित्रावरून वारल्यांचें सुखी गांव कल्पिणें ही चूक होईल.

आमच्याकडील खोती १९४९ च्या कायद्यानें गेली. दप्तरें माळ्यावर राहिलीं. संग्राहकांनीं एखाद्या खाचराचा हिशेब व असें एखादें चित्र एका मेजावर ठेवून वाचावें. घरच्या चार रुमालांपासून आम्हीं हा उद्योग आरंभिला आहे.