‘फँड्री’ : जब्याची चोरटी नजर

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, ऐन व्हॅलेंटाइन डेच्या मुहूर्तावर प्रदर्शित झाला. अजय-अतुल यांचं शीर्षकगीत त्याआधीच लोकांपर्यंत पोचलं होतं. प्रत्यक्ष चित्रपटात मात्र ते गाणं नाही. प्रेमात पडलेल्या जब्या या शाळकरी पोराची गोष्ट आणि त्याच्या वाट्याला एकही प्रेमगीत नाही! दिग्दर्शकाने पहिल्याच पूर्ण लांबीच्या चित्रपटात घेतलेला हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. गाणं आलं असतं, तर जब्याच्या मनातलं मोकळं झालं असतं. मंजुळे ते आतच कोंडून ठेवतात. म्हणून चित्रपटभर बोलते ती या पोराची नजर आणि त्याचं अवघडलेलं अंग.

जब्याचं वय मिसरूड फुटण्याचं. आरशासमोर उभं राहून तो नाकाला चिमटा लावतो, कारण नाक सरळ हवं. जीन्स हवी म्हणून सायकलवर गारेगार विकत हिंडतो. वर्गातली शालू त्याला आवडते, पण तिच्याशी बोलायची छाती होत नाही. काळी चिमणी पकडून, जाळून तिची राख शालूवर टाकली की ती वश होईल, असं त्याच्या मनाने घेतलंय. म्हणून मित्र पिऱ्याला घेऊन, हातात गलोल धरून तो रानोमाळ भटकतो. इथवर हा पोरगा देगलूर, औसा, उदगीर अशा कुठल्याही गावात सापडेल. आपलं अंग आपल्यालाच परकं वाटणं हे त्या वयाचं दुखणं सगळ्या जगात सारखंच.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या ‘व्हायोलंट फेम्स’ या बँडचा १९८३ साली आलेला पहिला अल्बम याच दुखण्यावर उभा आहे. गॉर्डन गॅनोने त्यातली बरीच गाणी शाळकरी वयातच लिहिली होती. रस्त्यावर वाजवणाऱ्या या पोरांना एका नावाजलेल्या गिटारवादकाने हेरलं. सोमनाथ अवघडेची कथाही अशीच. करमाळा तालुक्यातल्या केम गावचा हा मुलगा मंजुळेंना हलगी वाजवताना दिसला आणि पुढे जब्या झाला. या भूमिकेसाठी त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर मंजुळेंना पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार. पण दोन्ही कलाकृतींची वाट इथे फुटते. गॅनोच्या गाण्यातला पोरगा तळमळतो, कारण आपल्याकडे कुणी बघत नाही. जब्याला धास्ती आहे ती आपल्याकडे कुणी बघेल याची.

कारण जब्या कैकाडी आहे. इंग्रजांच्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत कैकाडीही होते. तो शिक्का कागदावरून पुसायला १९५२ साल उजाडलं. आज नांदेड-लातुरात हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे आणि पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात गेलं की अनुसूचित जातींच्या. जिल्ह्यागणिक यादी बदलते. गावाची नजर मात्र कुठल्याच शिवेवर बदलत नाही. इतर पोरांचं अवघडलेपण वयाबरोबर गळून पडतं. जब्याचं गावाने वाढवलेलं आहे, ते वय सरलं म्हणून जाणारं नव्हे.

हे सगळं एकवटतं ते डुकरं धरण्याच्या प्रसंगात. पोरीच्या लग्नाला पैसे हवेत म्हणून बाप कचरू हे काम अंगावर घेतो, आणि तेही नेमकं शाळेजवळच. किशोर कदम यांचा कचरू बघावा : पाठीत कणाच उरला नसावा असा वाकलेला, गावापुढे लाचार आणि पोरावर खेकसणारा. अख्खं कुटुंब दोऱ्या घेऊन धावतंय, भोवताली शाळेची पोरं आणि गावकरी तमाशा बघताहेत, आणि जब्या झुडपांआड, भिंतीआड लपतोय. शालूला आपण दिसू नये, एवढीच त्याची धडपड. मंजुळे हा प्रसंग मुद्दाम लांबवतात. आपणही बघ्यांमध्ये उभे आहोत, हे उमगेपर्यंत लांबवतात.

मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, कचरूही थबकतो, आणि हाती लागलेलं डुक्कर त्यांच्यासमोरून निघून जातं. एवढ्या घटनेत शाळेने शिकवलेली शिस्त, पोटाची निकड आणि देशाने दिलेला शब्द समोरासमोर येतात. पात्रांच्या तोंडी त्यावर भाष्य नाही. नंतर मेलेलं डुक्कर काठीला लटकवून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर आणि फुले दांपत्याची चित्रं दिसतात. कॅमेरा त्यांच्यावर रेंगाळत नाही. हा संयम पहिल्या चित्रपटात दुर्मीळच.

आणि शालू? तिच्या तोंडून जब्यासाठी एकही वाक्य येत नाही. चित्रपटभर तो तिच्याकडे चोरून बघतो. ती त्याच्याकडे मन लावून बघते ती डुकरं धरण्याच्या वेळी, चारचौघांत बसून, हसत. ज्या नजरेसाठी त्याने काळ्या चिमणीमागे रान पालथं घातलं, ती अशी मिळते. तिथून पुढे त्याची लाज रागात बदलते आणि शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो.

या दगडावर बरंच लिहून झालंय, आणि ते योग्यच आहे. पण दगडाची ताकद आधीच्या आरशातून, चिमट्यातून आणि जीन्सच्या हट्टातून आलेली आहे. जब्या आधी पोरगा म्हणून आपल्याला आवडू लागतो, म्हणूनच तो दगड लागतो. किशोरवयाच्या संकोचावर मराठीत याहून खरा चित्रपट मी पाहिलेला नाही. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांसाठी खेड्यापाड्यांतून आलेली हजारो पोरं आज आपल्या शहरांत खोल्या करून राहतात. त्यांच्या शिक्षकांनी आणि आईबापांनी ‘फँड्री’ त्यांच्या शेजारी बसून पुन्हा बघावा. आणि संपल्यावर उठून न जाता त्यांच्याशी बोलावं.