पातालपानी-कालाकुंड : घाट जपला, वाट तुटली

इंदूरच्या इतिहासप्रेमी मंडळींत पातालपानी-कालाकुंड हेरिटेज गाडीचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, निदान काहीतरी वाचलं. दुसरा म्हणतो, वाचलं ते फक्त खेळणं. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण जुनं रेल्वे स्थानक जपायचं म्हणजे त्यातलं नेमकं काय जपायचं, हा प्रश्न या वादात मागे राहतो. या टिपणात मी त्याच अंगानं दोन्ही स्थानकांकडे पाहणार आहे.

आधी थोडा इतिहास. खंडवा तेव्हा मुंबई-जबलपूर मार्गावर आलेलं होतं. इंदूर मात्र विंध्याच्या वर, पठारावर. माळव्याची अफू आणि कापूस खाली उतरवायचा तर बैलगाड्या आणि घाटरस्ता, दुसरा उपाय नाही. 1870 मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत 101 वर्षं, व्याज साडेचार टक्के, शिवाय संस्थानातली जमीन मोफत. संस्थानिकानं इंग्रजांकडून कर्ज काढल्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकतो, इथे उलटं आहे. महाराजांनी दान केलं असं मात्र म्हणू नये. तो सावकारी हिशेब होता, आणि आपल्या बाजारपेठेचा त्यात फायदा होता. 1874 पासून पुढच्या तीन-चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं ही मीटरगेज लाइन सुरू झाली. तिचं नाव होतं होळकर स्टेट रेल्वे. पुढे ती राजपुताना-माळवा रेल्वेत गेली, मग बीबीसीआयच्या कारभाराखाली आली आणि 1951 मध्ये पश्चिम रेल्वेत.

या लाइनीचा सगळ्यात अवघड तुकडा म्हणजे पातालपानी ते कालाकुंड. साधारण दहा किलोमीटरचा घाट, चार बोगदे, लहानमोठे 41 पूल, 24 तीव्र वळणं. चढ 40 फुटांना एक फूट, म्हणजे रेल्वेच्या मानानं चांगलाच उभा. ब्रॉडगेज करायची ठरल्यावर हा चढ नव्या मार्गाला चालणारा नव्हता, म्हणून नवी लाइन वेगळ्या, लांबच्या वळणानं आखली. त्यामुळे जुना घाट मोकळा राहिला. डिसेंबर 2018 मध्ये त्यावर हेरिटेज गाडी सुरू झाली. आधी ती महूहून सुटायची. फेब्रुवारी 2023 पासून ब्रॉडगेजच्या कामासाठी महूच्या पुढची मीटरगेज वाहतूक बंद झाली, तेव्हापासून ती पातालपानीहून कालाकुंडपर्यंत जाते आणि परत येते.

यातली चांगली बाजू आधी सांगतो. जुनं इंजिन चौथऱ्यावर चढवून, भोवती साखळी लावून आपण किती ठिकाणी मोकळे झालो! इथे तसं झालं नाही. रूळ जागेवर आहेत, गाडी खरोखर चालते, बोगद्यात शिरली की पोरं ओरडतात. स्थानकांची डागडुजी झाली, रंगरंगोटी झाली, बसायची सोय झाली. मोठ्या काचांचा वातानुकूलित डबा आहे आणि साधा डबाही आहे. साध्या डब्याचं तिकीट वीस रुपये ठेवलं, हे मला विशेष आवडलं. दोनशे पासष्टवाल्याला आणि वीसवाल्याला धबधबा तोच दिसतो.

आता तक्रार. या गाडीच्या प्रसिद्धीत सगळा भर धबधबा, हिरवी दरी, बोगदे आणि वळणं यांवर असतो. म्हणजे जे खिडकीतून दिसतं तेवढंच. पण रेल्वे स्थानकाचा वारसा देखाव्यात कमी आणि वहिवाटीत जास्त असतो. गाडी इथे का थांबायची, कोण चढायचं, कोण उतरायचं, त्या थांब्याभोवती काय उभं राहिलं, हे कळलं की स्थानक कळलं.

कालाकुंडच पाहा. इवलंसं गाव, पण माळव्या-निमाडात नाव कलाकंदामुळे. पळसाच्या पानात बांधलेला कलाकंद फलाटावर विकायला यायचा. तो इथेच का? कारण खंडव्याकडून आलेल्या गाडीला घाट चढायला मागून बँकर इंजिन लागायचं, आणि ते जोडायचं कालाकुंडला. इंजिन लागेपर्यंत गाडी उभी. तेवढा वेळ हाच कलाकंदाचा बाजार. आपल्या कर्जतच्या वड्याची गोष्ट अगदी हीच आहे, तिथेही भोर घाटासाठी बँकर लागतात म्हणून गाडी थांबते आणि वडा खपतो. आज हेरिटेज गाडीतला पाहुणा कालाकुंडला कलाकंद खातो, फोटो काढतो, परततो. पण हा पदार्थ 40 ला 1 या चढाचं अपत्य आहे, हे त्याला सांगायला नको का? फलाटावर चार ओळींचा फलक पुरे. त्या चार ओळींनी कलाकंदाची चव बदलणार नाही, स्थानकाची मात्र बदलेल.

पातालपानीची गोष्ट याहून नाजूक. इथे तंट्या भिल्लाचं ठाणं आहे. तंट्यामामाला 1889 मध्ये दगाफटक्यानं पकडलं, जबलपूरला खटला चालला आणि 4 डिसेंबर 1889 ला फाशी झाली. त्याचा देह इथे रुळांजवळ आणून टाकला, अशी लोकपरंपरा आहे. गाड्या पातालपानीला थांबायच्या. रेल्वेचं कारण असं, की उतार लागण्याआधी ब्रेक तपासायचे. लोकांचं कारण असं, की गाडी मामाला सलाम करते, केला नाही तर पुढे धोका. मला यातलं एक खरं आणि दुसरं खोटं ठरवण्यात रस नाही. ब्रेक तपासणीची नोंद रेल्वेनं ठेवली आणि तंट्याची लोकांनी. एकच थांबा दोन्ही वह्यांत आहे. 2021 मध्ये राज्य सरकारनं या स्थानकाला तंट्याचं नाव देण्याची घोषणा केली. पण नाव बदलणं सोपं. त्या नावामागची अडचण सांगणं अवघड, आणि ती अडचण आपली, म्हणजे इंदूरच्या मराठी माणसांची, आहे. तंट्यानं इंग्रजी मुलखाला आणि होळकरी मुलखाला, दोघांनाही दमवलं. होळकरांच्या एक कोटीचा अभिमान सांगताना आपण छाती काढतो. त्याच रुळांच्या कडेला ज्याचं ठाणं आहे तो होळकरी अंमलालाही नको होता, हे आपल्या निबंधांत सहसा येत नाही. स्थानकाचा खरा इतिहास लिहायचा तर या दोन्ही गोष्टी एकाच पानावर याव्या लागतील.

तिसरा मुद्दा वाटेचा. ही लाइन एके काळी केवढी लांब जायची! मीटरगेजच्या जमान्यात मीनाक्षी एक्सप्रेस जयपूरहून निघून रतलाम, इंदूर, खंडवा, अकोला, पूर्णा करत हैदराबादच्या काचीगुड्याला पोचायची. म्हणजे इंदूरच्या मराठी घरातली सून वऱ्हाडातली किंवा मराठवाड्यातली असली, तर माहेरची वाट याच घाटातून. महू ही बाबासाहेबांची जन्मभूमी, त्यामुळे विदर्भातून 14 एप्रिलला येणाऱ्यांचाही हा सरळ रस्ता. 2017 च्या सुरुवातीला अकोला-खंडवा मीटरगेज बंद झाली, मेळघाटच्या वाघांचा प्रश्न आला आणि रुंदीकरण रेंगाळलं. मग इकडचं टोकही सुटलं. उरला मधला दहा किलोमीटरचा घाट, ज्याच्या वरच्या टोकाला आज गाडी बदलायची सोय नाही आणि खालच्या टोकापुढे गाडी नाही. हार तुटला आणि पदक तेवढं जपलं, असं झालं.

ब्रॉडगेजला माझा विरोध नाही. खंडव्याशी पुन्हा जोडलं जाणं ही इंदूरची गरज आहे, आणि त्या चढावरून आजची जड मालगाडी नेता येणार नाही हेही खरं. पण चोरल-बलवाड्याकडच्या माणसाला आठवड्याच्या शेवटी येणारी पर्यटकांची गाडी काय कामाची? दूधवाला, शाळकरी पोर, बाजाराला निघालेली बाई यांच्या रोजच्या गाडीमुळेच ही स्थानकं दीडशे वर्षांच्या आसपास टिकली.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. ब्रॉडगेज पूर्ण झाली की पातालपानीला रोजची गाडी आणि हेरिटेज गाडी यांच्या वेळा जुळवाव्यात, म्हणजे मोटारीशिवायही तिथे पोचता येईल. पातालपानीला तंट्या आणि ब्रेक तपासणी, कालाकुंडला बँकर आणि कलाकंद, आणि दोन्हीकडे होळकरांच्या कर्जाचा हिशेब सांगणारे फलक लावावेत, हिंदीत आणि मराठीत. मजकूर लिहायला आपलं मंडळ आहेच. आणि ज्यांच्या घरी या लाइनीवर काम केलेले चालक, गार्ड, गँगमन आहेत त्यांच्या आठवणी आत्ताच टिपून ठेवाव्यात. रूळ सरकारनं सांभाळले. थांब्यांचा अर्थ सांभाळणं आपल्याकडे आहे, आणि त्याला तिकीटही लागत नाही.