त्याचा हाका कोण करत होता?

फुलचूर गोंदियाला इतकं चिकटलेलं आहे की शहर कुठे संपलं आणि गाव कुठे लागलं, हे सांगायला जुनाच माणूस लागतो. असे एक आजोबा माझ्या ओळखीचे आहेत. वय ऐंशीच्या पुढे. शिकारबंदी येण्याआधी, म्हणजे अगदी तरुणपणी, ते नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूला हाक्याला, म्हणजे गोंगाट करून जनावर बंदुकीपुढे ढकलायला, जात. परवा त्यांच्या ओट्यावर बसून मी त्यांना ‘प्रिडेटर’ची गोष्ट सांगितली. १९८७चा सिनेमा. परग्रहावरचा शिकारी पृथ्वीवरच्या जंगलात उतरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला मात्र अंगाची ऊब दिसते. अर्नोल्ड श्वार्झनेगरचे साथीदार तो एकेक करून टिपतो आणि त्यांच्या कवट्या घासूनपुसून ठेवतो. शेवटी अर्नोल्ड अंगाला चिखल फासतो, तेव्हा कुठे दोघांचा सामना होतो.

आजोबांनी सगळं शांतपणे ऐकलं, तंबाखू मळून झाली, आणि मग विचारलं, ‘‘मंग त्याचा हाका कोन करत होता जी?’’

कुणी नाही, तो एकटाच शिकार करतो, असं मी म्हणालो.

‘‘मंग ते त नुसतं हिंडणं झालं.’’

बुद्धिमान जिवांची हौसेखातर शिकार या विषयावरच्या विज्ञानकथा मी बरीच वर्षं वाचतो आहे. त्यांतल्या नीतीची चर्चा फिरून फिरून दोनच खुंट्यांना बांधलेली असते. सावजाला बुद्धी आहे का, ही एक. शिकारी नियमाने खेळला का, ही दुसरी. आजोबांचा प्रश्न या दोन्हींत बसत नाही. तो डोक्यात ठेवून मी जुन्या कथा पुन्हा काढल्या, तेव्हा त्या वेगळ्याच दिसायला लागल्या.

या सगळ्या कुळाचा मूळपुरुष म्हणजे रिचर्ड कॉनेलची १९२४ची ‘द मोस्ट डेंजरस गेम’. तिच्यात विज्ञान नाही, पण पुढच्या प्रत्येक परग्रही शिकाऱ्याने तिचंच दूध प्यायलं आहे. जनरल झारॉफला जनावरांचा कंटाळा आला आहे, कारण जनावर विचार करत नाही. म्हणून बेटावर आदळलेल्या जहाजांतली माणसं तो सावज म्हणून सोडतो. रेन्सफर्ड हा स्वतः नामांकित शिकारी त्याच्या तावडीत सापडतो. कथेच्या सुरुवातीला, जहाजावर, जॅग्वारला काय वाटत असेल याची फिकीर कशाला करायची, असं हाच रेन्सफर्ड म्हणालेला असतो. तीन दिवस तो सावज होऊन पळतो, शेवटी झारॉफला संपवून त्याच्याच पलंगावर झोपतो. सकाळी उठून त्याने बंदूक टाकली का? जॅग्वारबद्दल त्याचं मत बदललं का? कॉनेल सांगत नाही. पुष्कळ समीक्षक याला कथेची मजा म्हणतात. मला ती उधारी वाटते, आणि पुढच्या लेखकांनीही ती फेडलेली नाही.

पण आजोबांच्या प्रश्नाने मला थांबवलं ते इव्हानपाशी. इव्हान हा झारॉफचा धिप्पाड नोकर, कुत्री धरून शिकारीत पुढे असणारा. म्हणजे हाकेवाला. लेखकाने त्याला मुका आणि बहिरा केलं आहे. रेन्सफर्डच्या सापळ्यातल्या सुरीने तो मरतो, आणि त्या रात्री जेवताना झारॉफला त्याच्याबद्दल वाटतं ते इतकंच, की आता असा दुसरा मिळणं कठीण. शिकारकथेतल्या हाकेवाल्याची यापेक्षा खरी नोंद मी वाचलेली नाही, आणि ती कॉनेलच्या हातून बहुधा नकळत झाली आहे.

रे ब्रॅडबरीच्या १९५२च्या ‘अ साउंड ऑफ थंडर’मध्ये काळात मागे नेऊन डायनोसॉर मारू देणारी कंपनी आहे. ती आधी आपला माणूस पाठवून, थोड्याच वेळात झाड अंगावर पडून मरणार असलेलं जनावर हेरते आणि त्याच्यावर लाल रंगाची खूण करून ठेवते. मग पैसेवाला पाहुणा येऊन तेवढंच मारतो. लोक ही कथा पायाखाली चिरडलेल्या फुलपाखरासाठी लक्षात ठेवतात. मला ती वाचताना नागपूर आठवतं. स्वातंत्र्यानंतर नागपुरातून ऑल्विन कूपर नावाची शिकार कंपनी चालायची, परदेशी पाहुण्यांना मध्य भारतातल्या जंगलांत वाघ मारायला न्यायची. पाहुण्याच्या हाती दिवस मोजके, म्हणून वाघ आधी हेरून ठेवावा लागे. आमिष म्हणून हेला किंवा बोदा बांधायचा, वाघाने तो मारला, म्हणजे गारा झाला, की मचाण बांधायचं, हाक्याला गावं गोळा करायची. ब्रॅडबरीचा तो लाल रंग आपल्याकडे माणसं आपल्या पायांनी लावत होती.

रॉबर्ट शेक्लीने १९५३च्या ‘सेव्हन्थ व्हिक्टिम’मध्ये शिकार सरकारी कचेरीत नेली. युद्ध नको म्हणून खुनाचे परवाने. आळीपाळीने शिकारी व्हायचं आणि सावज व्हायचं. सावजाला पगारी टेहळेही ठेवता येतात. या कथेवर १९६५मध्ये इटालियन सिनेमा झाला. शेक्लीचा विनोद बोचरा आहे, पण त्याच्या जगात दोन्ही बाजू राजीखुशीने उतरलेल्या असल्यामुळे नीतीचा खरा पेच तो टाळतो.

बुद्धीच्या प्रश्नाला सरळ भिडला तो एच. बीम पायपर. त्याच्या १९६२च्या ‘लिटल फझी’ कादंबरीत एका ग्रहावर केसाळ, इवलेसे जीव सापडतात. त्यांना बुद्धी आहे असं ठरलं तर कंपनीचा ग्रहावरचा हक्क जाणार. त्यांच्यातल्या एकीला कंपनीचा माणूस तुडवून मारतो आणि प्रकरण कोर्टात जातं. हा खून, की नुसतं जनावर मारणं? कामचलाऊ कसोटी अशी की जो बोलतो आणि विस्तव पेटवतो तो बुद्धिमान. पुढे कळतं की हे जीव बोलत होतेच, फक्त त्यांचा आवाज माणसाच्या कानाच्या पट्टीपलीकडचा होता. न्यायाची गोष्ट म्हणून हे फार सुंदर आहे. तरी एक खोट राहते. उद्या ते खरंच मुके निघाले असते, तर तुडवणारा सुटला असता.

आपल्याकडे हा खटला फार आधी उभा राहिला आहे, आणि पायपरपेक्षा तो जास्त अवघड आहे. वालीला बोलता येतं. त्याला राज्य आहे, राणी आहे, राजनीती कळते. आडून बाण लागल्यावर तो रामाला विचारतो, ते बुद्धीच्या बळावर नव्हे. माझं कातडं तुमच्या उपयोगाचं नाही, माझी हाडं नाहीत, पाच नखांच्या ज्या पाच प्राण्यांचं मांस चालतं त्यांत मी बसत नाही, मग मारलंत कशासाठी? रामाच्या उत्तरात इतर कारणं आहेत, वालीने भावाची बायको ठेवली हे त्यांतलं मोठं. पण एक कारण असंही आहे, की माणसं फासे लावून, लपून मृगया करतात, राजर्षीही करतात, आणि तू तर शाखामृग. वाल्मीकींनी दोन्ही बाजू मांडून ठेवल्या आहेत, यातच त्यांचं मोठेपण. महाभारतातला किंदम ऋषी हरणाच्या रूपात पांडूच्या बाणाने मरतो. मरताना तो म्हणतो की हरीण मारलंस याचा दोष मी देत नाही, पण संगाची वेळ होती, तेवढं थांबला असतास. या दोन्ही ठिकाणी सावजाच्या डोक्यात किती मेंदू आहे याचा हिशेब नाही. कशासाठी मारलं आणि केव्हा मारलं, एवढंच विचारलं आहे. आमच्या भागातल्या जुन्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पोटासाठी लावलेला फासा आणि फोटोसाठी बांधलेलं मचाण यांतला फरक त्याला ठाऊक असतो, जरी आजचा कायदा दोघांनाही एकच कलम लावतो.

‘प्रिडेटर’ मालिकेचा मोठा बडेजाव त्या शिकाऱ्याच्या इभ्रतीचा असतो. निःशस्त्र बाईला तो सोडतो, दुसऱ्या भागात गरोदर बाईला सोडतो, शेवटी मुखवटा उतरवून हातघाईवर येतो. चाहते यालाच त्याची नीती म्हणतात. मला यात ब्रिटिश साहेबाच्या शिकारीच्या आठवणी ऐकू येतात: मादीवर गोळी नको, जखमी जनावर सोडू नये, बसलेला पक्षी मारू नये. नियम चांगलेच होते, फक्त ते ज्याच्या हातात बंदूक त्याने केलेले होते. २०२२च्या ‘प्रे’मध्ये हाच प्राणी १७१९ सालच्या कोमांचे मुलखात येतो आणि पोटासाठी शिकार करणाऱ्या समाजातल्या मुलीशी त्याची गाठ पडते. या मालिकेतला मला पटलेला सिनेमा हाच. तिथे एका बाजूला हौस आहे आणि एका बाजूला भूक, आणि दोघांना शिकार हा एकच शब्द पुरत नाही, हे दिसतं.

हाका मला पूर्ण सापडला तो पिअर बूलच्या १९६३च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या मूळ फ्रेंच कादंबरीत. चार्ल्टन हेस्टनच्या सिनेमात त्याचा जेमतेम अर्धा भाग आला. कादंबरीत हाकेवाले गोंगाट करत उघड्या माणसांना रानातून पुढे ढकलतात, नटलेले गोरिला नेमून दिलेल्या जागी बंदुका घेऊन उभे असतात, शिकारीनंतर प्रेतं नीट ओळीने मांडली जातात, बायका कौतुकाने बघायला येतात आणि फोटो काढला जातो. बूल स्वतः मलायात रबराच्या मळ्यावर नोकरीला होता. ज्याने मळे आणि त्यांत राबणारी माणसं पाहिली त्यालाच शिकार ही एकट्याची नसते, तिला एक पूर्ण गाव लागतं, हे माहीत असणार.

आता मराठीकडे. मराठी विज्ञानकथेची ताकद कमी नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली निघाली, तिच्या कथास्पर्धेने लेखकांची एक पिढी उभी केली. १९७४मध्ये जयंत नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ स्पर्धेला पाठवली आणि बक्षीस मिळवलं, हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी कितीतरी वाटा उघडल्या. पण आमच्या विज्ञानकथेतला परग्रहवासी बहुधा पाहुणा असतो, किंवा प्राध्यापक. त्याच्या खांद्यावर बंदूक शोधून सापडत नाही. नारळीकरांच्या एका संग्रहाचं नाव ‘यक्षांची देणगी’ आहे, एका कादंबरीचं ‘अभयारण्य’. वरून येणारा काही देईल, किंवा आपल्याला राखेल, ही आमची सवयीची कल्पना. १९७३मध्ये जॉन बॉल या शास्त्रज्ञाने, प्रगत संस्कृतींनी पृथ्वीला प्राणिसंग्रहालयासारखं राखून ठेवलं असेल, असं मांडलं होतं. ठीक आहे. पण राखीव जंगल म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो तो कुणासाठी राखीव, हा. साहेबाच्या आणि संस्थानिकाच्या राखीव रानांत जनावर राखलं जायचं ते त्यांच्याच गोळीसाठी. या एका कल्पनेवर मराठीत कादंबरी उभी राहू शकते. कुणी लिहिली असेल तर माझ्या वाचनात आली नाही.

विज्ञान समजावून देण्याचा वसा घेतलेल्या कथेला क्रौर्याची लाज वाटते, हे माझं निदान. अशी कथा चूक दुरुस्त करायला धावते, अपराध बघत बसत नाही. आणि ज्यांना शिकार आतून माहीत होती, ते विज्ञानकथेकडे गेले नाहीत. व्यंकटेश माडगूळकर शिकारी होते. बंदूक ठेवून ते नागझिऱ्यात येऊन राहिले आणि ‘नागझिरा’ लिहिलं. पुढे १९८२च्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीतली सत्तेची मारामारी लिहिली. त्यात माणूस जवळजवळ नाही, आणि तरी वानरांच्या डोक्यात काय चाललं आहे हे आपण वाचत राहतो. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेल्या या कादंबरीला कुणी विज्ञानकथा म्हणत नाही. मला विचाराल तर परक्या बुद्धीचं मराठीतलं उत्तम चित्रण तेच आहे. नवेगावबांधला नोकरी केलेले मारुती चितमपल्ली यांच्याकडेही हे सगळं सामान होतं: रानातली भाषा, फासेपारध्यांची विद्या, हाक्याच्या आठवणी. त्यांनी ते ललित गद्यात ठेवलं. त्यात वाईट काही नाही; विज्ञानकथेवाल्यांनी मात्र ते कपाट उघडून पाहिलं नाही.

नागझिरा १९७०मध्ये अभयारण्य झालं, १९७२च्या कायद्याने शिकारीवर निर्बंध आले, २०१३मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मचाणं राहिलीच. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं लोकांना पाणवठ्यांवरच्या मचाणांवर बसवतं. मीही बसलो आहे. हातात बंदुकीऐवजी तक्ता, जनावराचं नाव, संख्या, वेळ. मध्यरात्रीनंतर एका झाडावरून वानराचा ‘खॉक’ असा आवाज आला, लगेच चितळाचा, आणि पाण्यापाशी आलेलं सांबर मागच्या मागे गेलं. खाली काही दिसलं नाही. माझ्या तक्त्यात त्या वेळेला एक सांबर एवढीच नोंद आहे. ओरडलेल्या वानरासाठी त्या ओळीत जागा नव्हती.

हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा ते हसले. हाक्याला किती जण जायचे, असं विचारलं तर म्हणाले, मोजतं कोण. वाजवायला दिलेले डबे मोजायचे, परत आणून द्यायचे असत. वाघ हाका फोडून उलटा आला, तर झाडावर चढायचं. चढता आलं नाही, तर नाही. मी विचारलं, फोटो कधी निघाला? निघायचा म्हणाले, वाघाचा आणि साहेबाचा. ‘‘आमाले मांगं उभं करत.’’

तसले जुने फोटो आता बंगल्यांच्या भिंतींवर, पुस्तकांत, कुठेही दिसतात. मधोमध पसरलेला वाघ, त्याच्यावर बूट ठेवलेला एक माणूस. नीट पाहिलं तर कडेला, चौकटीने अर्धे कापलेले, दोन-तीन उघडे खांदे असतात, आणि एका हातात रॉकेलचा रिकामा डबा.