हेमाडपंताने न बांधलेली देवळे

भुकूमहून रतनवाडीला जायचे तर पहाटेच निघावे लागते. नाशिक रस्त्याने संगमनेर, पुढे अकोले, राजूर, भंडारदरा. आणि मग १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाच्या पाण्याला वळसा घालत रतनगडाच्या पायथ्यापर्यंत. प्रवरा इथेच उगम पावते. गावात शिरताना आधी डोंगर दिसतो, मग त्याच्याच रंगाच्या दगडात उभे असलेले अमृतेश्वराचे देऊळ.

या देवळाविषयी मराठीत जे छापून येते, त्यात दोन वाक्ये हमखास शेजारी शेजारी असतात: हे देऊळ शिलाहार राजा झंझ याने बांधले, आणि ते हेमाडपंती शैलीचे आहे. किल्ल्यांवरच्या पुस्तकांत, दिवाळी अंकांतल्या प्रवासवर्णनांत ही जोडी मी किती वेळा वाचली असेन! मीही पूर्वी ती जशीच्या तशी लिहिली आहे. अरब लेखक मसुदी चौलला आला तो इ. स. ९१६च्या सुमारास, आणि तेव्हा तिथे झंझाचे राज्य होते. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादवांचा मंत्री. महादेव गादीवर आला १२६१ साली. दोन वाक्यांमध्ये सुमारे साडेतीनशे वर्षांची दरी आहे आणि आपण ती एका स्वल्पविरामाने ओलांडतो.

झंझाचा आधार तरी केवढा? शक १०१६च्या खारेपाटण ताम्रपटात त्याने स्वतःच्या नावाची बारा शिवालये उभारल्याचे म्हटले आहे. ‘बारा नद्यांच्या उगमांवरची बारा देवळे’ ही यादी नंतरची आहे. ती रम्य आहे, पण तिच्यावर कालनिर्णय उभा राहत नाही.

त्यापेक्षा शिखराकडे पाहावे. चारही बाजूंना पायथ्यापासून वर चढत गेलेला एकेक कोरीव पट्टा आणि पट्ट्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी, वर जाताना आक्रसत गेलेल्या. ही भूमिज रचना. माळव्यात परमारांच्या काळात ती बहरली. आपल्याकडे तिचा पक्का टप्पा म्हणजे अंबरनाथ, कारण तिथे शक ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा लेख आहे. सिन्नरचा गोंदेश्वर याच कुळातला. रतनवाडीचे शिखर या मंडळीत बसवून पाहिले, की ते झंझाच्या बरेच अलीकडचे आणि हेमाद्रीच्या अलीकडे न आणता येणारे वाटते. निदान माझे मत तसे आहे. हेन्री कझिन्सने दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध केला. आपल्या फलकांपर्यंत मात्र तो पोहोचलेला नाही.

‘हेमाडपंती’ची नेहमीची खूण सांगतात ती चुन्याशिवाय दगडावर दगड बसवण्याची. पण ती रीत हेमाद्रीच्या आधी कित्येक पिढ्या चालू होती. त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ धर्मशास्त्राचा ग्रंथ आहे, पाथरवटांसाठी लिहिलेला नव्हे. लोकांनी बाजरी आणि मोडीही त्याच्याच नावावर घातली, तशीच देवळे.

नाव चुकीचे असले म्हणून बिघडते असेही नाही. युरोपात ‘रोमनेस्क’ हा शब्द १८१८-१९च्या सुमारास रूढ होऊ लागला. ज्यांना तो लावला ती चर्चे रोमनांनी बांधलेली नव्हती. पण पुढे त्या शब्दाच्या पोटात काम भरले गेले. १९०७ साली कॅटलन अभ्यासकांची एक तुकडी, त्यात वास्तुकार पुच इ काडाफाल्क, पिरेनीज पर्वतातल्या आडवाटेच्या खेड्यांत जाऊन चर्चे मोजत, रेखाटत हिंडली. ताउल गावचे संत क्लेमेंताचे चर्च मी छायाचित्रांतच पाहिले आहे: जाड भिंती, बाजूला सहा मजली घंटाघर, ११२३ साली अभिषेक झाल्याची आतल्या खांबावर नोंद. बोई खोऱ्यातली अशी नऊ चर्चे २००० साली जागतिक वारसा ठरली. तिथला ‘रोमनेस्क’ शब्द वाचकाला कमान, भिंत, शतक दाखवतो. आपला ‘हेमाडपंती’ फक्त ‘जुने, काळ्या दगडाचे’ एवढेच सांगतो.

आणि याची किंमत देवळे मोजतात. आमच्या मुळशीकडेही हल्ली जीर्णोद्धाराच्या पत्रकांत ‘हेमाडपंती शैलीत’ हे शब्द दिसतात. म्हणजे यंत्राने कापलेला, गुळगुळीत केलेला नवा काळा दगड. जुने स्तंभ, झिजलेली द्वारशाखा, वीरगळ बाजूला काढून आवाराच्या भिंतीला टेकवले जातात. समितीतल्या माणसांना मी दोष देत नाही; ती मनापासून वर्गणी गोळा करतात. नवे देऊळही हेमाडपंतीच होणार असेल, तर जुन्यात वेगळे काय होते, हे त्यांना सांगायचे कोणी? ते आम्ही लिहिणाऱ्यांनी सांगायचे होते.

रतनवाडीच्या पुष्करणीपाशी बराच वेळ बसलो. भिंतींतल्या कोनाड्यांतून मूर्ती पाण्याकडे पाहत होत्या. शेजारी एक म्हातारबाबा येऊन बसले आणि विचारू लागले, “काय लिवताय?” कोनाडे मोजतोय म्हटले. “मंग नीट मोजा,” म्हणाले, “पाण्याखाली बी हाये काम.”