जाखडी : गोलातली जागा

गिरणगावातल्या जाखडीविषयी लिहिताना ‘गावाची ओढ’ हे उत्तर आपल्याकडे तयार असते. कोकणातला माणूस गिरणीत आला, गाव आठवले की नाचला. हे उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. ओढ दशावताराचीही होती, नमन-खेळ्यांचीही होती. तरी डिलाईल रोडसारख्या वस्तीत जाखडी इतक्या सहजपणे घरची का झाली, याचे कारण मला नाचाच्या घडणीत दिसते.

मध्ये गाणारे, मृदंग किंवा ढोलकीवाले आणि झांजवाले बसतात. पायात चाळ बांधलेले नाचे त्यांच्याभोवती गोल धरतात. ‘जाखडी’ हा शब्द ‘जखडणे’शी जोडतात, तो या साखळीमुळेच. पावले मोजकी, शेजारच्याकडे पाहून उचलता येतात. आणि जोडीदार लागत नाही.

ही शेवटची गोष्ट मोलाची. १९२१च्या जनगणनेत मुंबईत १,००० पुरुषांमागे स्त्रिया ५२५च्या आसपास होत्या. चाकरमान्यांचे बिऱ्हाड गावी, आणि ते स्वतः गावकीच्या खोलीत वळकटीपुरत्या जागेवर. त्याच दशकात डिलाईल रोडवर बीडीडीच्या ३२ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. तिथल्या एकट्या पुरुषाला जाखडीने काही सिद्ध न करता चारचौघांत उभे राहण्याची जागा दिली.

अमेरिकेतला रांगेचा नाच १९९२मध्ये ‘एकी ब्रेकी हार्ट’ या गाण्याबरोबर दूरवर पोचला. त्याचेही बळ हेच : जोडीदार नको, ठरलेली पावले, नवख्याला मुभा. फरक तोंडाच्या दिशेचा आहे. तिथे सगळे एका भिंतीकडे पाहतात आणि मग वळून दुसरीकडे. जाखडीचे तोंड मधल्या गाणाऱ्याकडे, म्हणजे शब्दांकडे. शक्तीवाल्याने कोडे घालावे, तुरेवाल्याने ते सोडवावे, आणि नाचणाऱ्याचे पाय त्या वादाला ताल देत राहावेत.

परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या रंगमंचावर शक्ती-तुऱ्याचे सामने रंगू लागले, तेव्हा हा गोल उघडला. नाचे प्रेक्षकांसमोर रांगेत आले, गाणारे मागे गेले. लाभ झाला, तो नाकारू नये. शाहिराला नाव मिळाले, स्त्रियांची पथके उभी राहिली. कानातल्या बाळीवरून हिणवून पडलेले ‘बाल्या’ हे नाव नाचाची ओळख म्हणून मिरवू लागले. पण एकसारख्या पोशाखातल्या, तालमीत घोटलेल्या रांगेत चुकणाऱ्याला जागा उरत नाही. तो खुर्चीत बसतो आणि टाळ्या वाजवतो.

म्हणून भरलेल्या नाट्यगृहावरून जाखडीची लोकप्रियता मोजणे मला पटत नाही. १९८२च्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या, तरी जाखडी टिकली. तिचे मूळ गिरणीत नव्हते. गावच्या मंडळात आणि गणपतीपुढल्या अंगणात होते. तिथे आजही कडेला उभा असलेला पोरगा न विचारता गोलात शिरतो, दोन फेऱ्या चुकतो, तिसरीला सावरतो. डिलाईल रोडच्या चाळी आता मनोऱ्यांना जागा देत आहेत. नव्या इमारतींत सभागृह असेल, व्यासपीठही असेल. गोल धरण्याइतकी, कुणालाही आत शिरता येईल अशी मोकळी जमीन असेल का, यावर जाखडीचे पुढचे आयुष्य ठरेल.