एफ-१९ : न पाहिलेल्या विमानाची घडण

टेस्टर्स या अमेरिकन कंपनीने १९८६ साली 'एफ-१९ स्टेल्थ फायटर' हे जोडायचं प्लास्टिक मॉडेल बाजारात आणलं. या नावाचं विमानच नव्हतं. नेवाडाच्या वाळवंटात फक्त रात्री उडणारं, रडारला चकवणारं, ज्याबद्दल सरकार अवाक्षर काढत नसे असं एक विमान मात्र होतं. आम्हाला दाखवत नाही ते दुकानात कसं, असा सवाल अमेरिकन काँग्रेसमध्येही झाला. त्या विमानाबद्दलच्या अफवेला आकार दिला टेस्टर्सचे रचनाकार जॉन अँड्र्यूज यांनी. तो किती जाणतेपणाने दिला, हे मॉडेल हातात फिरवून पाहावं.

आधी नाव. अमेरिकन लढाऊ विमानांच्या क्रमात अठरानंतर थेट वीस आला होता. मधल्या रिकाम्या घरात अफवा ऐटीत जाऊन बसली. खरं नाव एफ-११७ निघालं, पण 'एफ-१९'चा रुबाब त्याला नाही.

मग मॉडेलचं अंग. नदीतल्या गोट्यासारखं, कुठे कोपरा म्हणून नाही. खरं विमान नेमकं उलट : सगळे सपाट पैलू, कारण सत्तरच्या दशकातल्या संगणकांना वक्र पृष्ठभागावरून परतणाऱ्या रडारलहरींचं गणित झेपत नव्हतं. म्हणजे अंदाज साफ चुकला. पण चुकून तो पडला कुठे, पाहा! एफ-११७ जाहीर झालं १० नोव्हेंबर १९८८ला. बाराच दिवसांनी बी-२ हे स्टेल्थ बॉम्बर विमान हँगरबाहेर आलं, ते सगळं वळणदार. पुढच्या पिढीची रेषा दुकानाच्या फळीवर दोन वर्षं आधीच मांडलेली होती.

मला सर्वांत जास्त मोह पडतो तो शेपटीकडच्या दोन उभ्या पात्यांचा. मॉडेलमध्ये ती एकमेकींकडे झुकलेली आहेत. एफ-११७ची बाहेर फाकतात. मात्र १९७७मध्ये गुपचूप उडालेल्या 'हॅव ब्लू' या त्याच्या पूर्वजाची पाती आतच कललेली होती. लेकाचा चेहरा चुकला, बापाचा बरोबर उतरला.

आणि एफ-११७ जाहीर करताना पेंटागॉनने अखेर दिलेलं त्याचं छायाचित्र? तीही कसबी चीज. धूसर तर होतंच; वर कोन असा निवडलेला की पंख किती मागे वळलेत याचा पत्ता लागू नये. ते सदुसष्ट अंशांहून जास्त वळलेले आहेत. फोटो समोर ठेवून रेखाटनं करणाऱ्या जाणकारांचे पंख त्याहून बरेच सरळ आले.