उड्डाणाचे कौतुक आणि निगेची वही

आपल्या वाङ्मयात विमानांची वाण कधीच पडली नाही. कुबेराचे पुष्पक रावणाने हिरावले, तेच पुढे रामचंद्रांना घेऊन अयोध्येस आले. त्यात कितीही माणसे बसली तरी एक आसन रिकामेच राही, अशी आपल्या आजीबाईंची साक्ष आहे. तुकोबांस न्यावयास वैकुंठाहून विमान आले ही कथा मराठी मनात इतकी रुजलेली आहे, की १९३६ साली प्रभातच्या 'संत तुकाराम' बोलपटात तो गरुडाकार रथ पडद्यावर वर चढू लागला तेव्हा प्रेक्षकांस त्यात नवल वाटण्याऐवजी ओळखच पटली. देवालयाच्या गाभाऱ्यावरील उंच बांधणीलाही शिल्पशास्त्र विमानच म्हणते. चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे अशी पाषाणाची विमाने वाटेल त्याने पाहून घ्यावीत.

ह्या सर्व विमानांत एक गुण समान आहे: त्यांची डागडुजी कथेत कोणी करीत नाही. पुष्पकाला तेल घालावे लागले, वैकुंठाहून निघण्यापूर्वी गरुडरथाचे चाक तपासले, असे कोणत्याही कथेकऱ्याने सांगितलेले नाही, आणि सांगावे अशी अपेक्षाही नाही. देवाचे यान मनोवेगाने चालते. परंतु माणसाने स्वतःच्या पैशाने घेतलेले वा स्वतःच्या हातांनी घडविलेले लहानसे विमान मनोवेगाने चालत नाही. असे विमान आपल्या कथांत आले, म्हणजे आपले कथाकार त्याच्याशी कसे वागतात, हा ह्या लेखाचा विषय आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की ते त्यालाही पुष्पकच समजतात. आणि त्यामुळे कथा व विमान दोहोंचेही नुकसान होते.

ह्या जातीची आपली सर्वांत लोकप्रिय कथा शिवकर बापूजी तळपदे यांची. मुंबईच्या ह्या गृहस्थांनी १८९५ साली चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे विमान उडविले, ते पंधराशे फूट चढून खाली आले, राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे हा पराक्रम झाला, आणि परकीय सत्तेने तो दडपला, असे सांगतात. ह्या कथेवर २०१५ च्या जानेवारीत 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट आला. आयुष्मान खुराना त्यात तळपदे झाले आणि मिथुन चक्रवर्ती त्यांचे गुरू सुब्बराय शास्त्री. योगायोग असा, की त्याच महिन्यात मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला व त्याचा मोठा गवगवा झाला. चित्रपटाने कथेला जुन्या मुंबईचे रंग दिले, गाणी दिली, प्रेमकथा दिली. रंगभूषा आणि देखावे ह्यांबाबत त्याला उणे म्हणता येणार नाही.

कथेच्या सत्यतेविषयी प्रथम बोलून घेऊ. कारण त्या बाबतीत पुष्कळ काम पूर्वीच झालेले आहे. ज्या 'वैमानिक शास्त्रा'च्या आधारावर सगळी इमारत उभी केली जाते, तो ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी सांगितला व १९१८ ते १९२३ ह्या वर्षांत लिहून घेतला गेला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे आदी पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्याची कसून तपासणी केली. ग्रंथाची भाषा व त्याचा पूर्ववृत्तांत पाहता तो प्राचीन नव्हे, विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा आहे, आणि त्यात वर्णिलेल्या यंत्रांत उडण्याची पात्रता नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. १८९५ च्या यंत्रास पुढे वीस-पंचवीस वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथाचा आधार कसा, असे विचारले, तर ज्ञान तोंडी मिळाले होते असे उत्तर येते. तोंडी ज्ञानाची तपासणी करता येत नाही, एवढीच त्या उत्तराची सोय आहे.

तथापि आमची मुख्य तक्रार इतिहासाची नसून वाङ्मयाची आहे. क्षणभर धरून चालू, की मरुत्सखा खरोखर उडाले. मग दुसऱ्या दिवशी काय झाले? पंधराशे फुटांवरून उतरलेल्या यंत्राचा कोणता भाग मोडला? तो कोणी दुरुस्त केला, कोणत्या लोहाराकडे नेला, त्याला किती पैसे पडले? दुसऱ्या खेपेस काय बदलावे असे कर्त्याला वाटले? कथा ह्यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही. तिला ते प्रश्न सुचतच नाहीत. उड्डाणापूर्वी ग्रंथ आहे, उड्डाणानंतर शत्रू आहे, आणि मध्ये केवळ टाळ्या आहेत. ज्या माणसाने आपले आयुष्य एका यंत्रापायी वेचले असे सांगता, त्याच्या हाताला काळे तेल लागलेले एकदाही दाखवीत नाही, ह्याहून त्याचा मोठा अपमान तो कोणता? तळपदे यांचा खरा प्रयत्न जो काही असेल, तो ह्या गौरवाखाली कायमचा गाडला गेला आहे.

राइट बंधूंची कथा ह्याच्या शेजारी ठेवून पाहावी. ती आपल्याला खरी वाटते, याचे कारण ती पाश्चात्त्य आहे हे नव्हे. ती मोडतोडीने भरलेली आहे, हे होय. १९०१ साली त्यांना आढळले, की पंखांविषयीचे जुने आकडे जुळत नाहीत. म्हणून त्यांनी लाकडी पेटीत वारा खेळवून पंखांचे लहान नमुने एकेक करून तपासले. १९०३ च्या नोव्हेंबरात पंखे फिरविणाऱ्या दांड्याला तडा गेला, तेव्हा धाकटा ऑर्व्हिल समुद्रकाठची छावणी सोडून आगगाडीने डेटनला परतला आणि नव्या पोलादी दांड्या घडवून घेऊन आला. १७ डिसेंबरला चार उड्डाणे झाली. पहिले बारा सेकंदांचे, एकशेवीस फुटांचे. शेवटचे एकोणसाठ सेकंदांचे. त्यानंतर वाऱ्याच्या एका झोताने यंत्र उलथून मोडले, व ते पुन्हा कधी उडाले नाही. बारा सेकंद हा आकडा पंधराशे फुटांपुढे किती क्षुल्लक! पण त्या तडा गेलेल्या दांड्यामुळे बारा सेकंदांवर आपला विश्वास बसतो.

स्वतःचे विमान बाळगणे म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्यात नवे काही वाटणार नाही. असे विमान बहुतेक वेळ जमिनीवरच असते. दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाचे थोडे इंधन काचेच्या भांड्यात काढून त्यात पाणी उतरले आहे की काय, हे पाहावे लागते. यंत्राभोवती फेरी घालून प्रत्येक बिजागरी हाताने हलवून पाहावी लागते. साधारणपणे दर पन्नास तासांनी वंगण बदलावयाचे, दर शंभर तासांनी यंत्र उघडून तपासावयाचे, दरसाल विमान उड्डाणास योग्य असल्याचा दाखला नवा करावयाचा. आणि हे सर्व एका वहीत तारीखवार, सहीनिशी नोंदवावयाचे. वही हरवली तर विमानाची किंमत निम्मी उतरते असे जाणकार म्हणतात, ते उगीच नव्हे. ते विमान कोण आहे, हे त्या वहीतच लिहिलेले असते.

आपल्या देशाच्या खाजगी विमानांच्या इतिहासातील उत्तम गोष्ट ह्याच वहीतून निघालेली आहे. १९२९ साली आगाखानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान ह्यांमध्ये एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयास पारितोषिक लावले. जे. आर. डी. टाटा आपले जिप्सी मॉथ घेऊन कराचीहून निघाले. सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर विलायतेहून उलट दिशेने येत होते. इजिप्तमध्ये अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान प्लगांवाचून अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्यास दिले, आणि अस्पी काही तासांच्या फरकाने पारितोषिक जिंकून गेले. पुढे ते भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. ह्या गोष्टीत गरुड नाही, मंत्र नाही, परकीय शत्रू नाही; मूठभर प्लग आहेत. पण औदार्याला हातात धरता येण्याजोगी वस्तू मिळाली, म्हणून ते औदार्य विसरता येत नाही. प्लग काढून घ्या, आणि मागे केवळ सुभाषित उरते.

फ्रेंच लेखक व वैमानिक आंत्वान द सेंतेक्झुपेरी ह्याचे मोठेपण आम्हास नेमके येथे दिसते. १९३५ च्या डिसेंबरात तो स्वतःचे विमान घेऊन पॅरिसहून सायगावला निघाला आणि लिबियाच्या वाळवंटात कोसळला. तो आणि त्याचा यंत्रज्ञ प्रेव्हो कित्येक दिवस पाण्यावाचून भटकले; अखेर एका बदाउनी अरबाने त्यांस वाचविले. १९३९ च्या आपल्या पुस्तकात हा वृत्तांत देताना विमानाकडे तो चमत्कार म्हणून पाहत नाही. शेतकऱ्याला जसा नांगर, तसे वैमानिकाला विमान. दोघेही आपल्या अवजाराच्या योगाने पृथ्वीशी झुंजतात व तिला ओळखतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. नांगराचा हा दाखला आपल्या धानाच्या मुलखातील वाचकाला परका वाटू नये.

कोणी म्हणेल, साहित्य म्हणजे काही यंत्रदुरुस्तीचे पुस्तक नव्हे. वंगणाचे तास मोजण्यात रस कसला? ह्या आक्षेपाला उत्तर आपल्याच परंपरेत आहे. सावता माळ्याने आपला मळा, नरहरी सोनाराने आपली हत्यारे, सेना न्हाव्याने आपला आरसा अभंगात आणला. धंद्याच्या अवजारांनी त्यांची भक्ती रुक्ष झाली नाही. उलट तिला पाय फुटले. तपशील रसाला मारक नसतो. न समजलेला तपशील मारक असतो. मराठीत वैमानिकाचा अभंग अद्याप निघाला नाही, ह्याचा दोष यंत्राकडे नाही.

ह्या दृष्टीने अलीकडची एक सत्यकथा फार महत्त्वाची आहे, आणि तीही निम्मीच सांगितली गेली आहे. अमोल यादव ह्या मराठी वैमानिकाने मुंबईत कांदिवली येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले. २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची सरकारी नोंदणी झाली, २०१९ च्या ऑक्टोबरात उडविण्याची अनुज्ञा मिळाली, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याने उड्डाण केले. वर्तमानपत्रांनी गच्चीचे छायाचित्र छापले, स्वदेशीचा जयघोष केला, आणि सरकारी कचेरीला कथेतील राक्षसाची भूमिका दिली. कचेरीने विलंब लावला असेल तर त्याची चिकित्सा अवश्य व्हावी. पण तीही तारखांनी व कलमांनी व्हावी. तपासणी ही उड्डाणाची वैरीण नव्हे. ज्यांच्या घरांवरून ते यंत्र जाणार, त्या अनोळखी माणसांची ती वकील आहे. आम्हास ह्या कथेत जे वाचावयास हवे होते, ते असे: गच्चीवर पावसाळ्यात धातू कसा राखला? कोणता सांधा दोनदा करावा लागला? धुळ्यास पहिल्या उड्डाणापूर्वी किती वेळा नुसती धाव घेतली? हे सर्व कर्त्याला ठाऊक असणारच. विचारणारे आपण कमी पडलो.

हा प्रश्न आमच्या बाजूच्या लोकांस शहरी वाचकांहून अधिक जवळचा आहे. चामोर्शीस आगगाडी नाही. दक्षिणेकडे पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा रस्ता तुटतो. अडलेल्या रोग्याला हेलिकॉप्टरने आणल्याचे आणि निवडणुकीत मतदान-पथके तशीच नेल्याचे वृत्त जिल्ह्यास नवे नाही. अशा मुलखात आकाशमार्ग हा चैनीचा विषय नाही. पण येथे यंत्र येते ते बाहेरून येते, आणि बिघडले म्हणजे बहुधा तसेच पडून राहते. हातपंप असो वा रुग्णवाहिका, उद्घाटनाची कोनशिला असते, निगेची वही नसते. पूर्वजांनी सारे उडवूनच ठेवले आहे, ह्या कथेवर वाढलेल्या मुलास त्या बंद पंपाविषयी काही करावेसे का वाटावे? प्लगांची गोष्ट ऐकलेले मूल निदान तो उघडून तरी पाहील.

आणि प्राचीनांचा आधारच हवा असेल, तर तोही आहे. जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार नव्या बांधणीहून अधिक पुण्याचा, असे आपले धर्मग्रंथ मानीत आले. मार्कंड्याच्या मुख्य देवालयाचे दुरुस्तीचे काम कित्येक वर्षे रेंगाळले, आणि उतरवून ठेवलेले दगड भाविकांनी वर्षानुवर्षे पाहिले. पाषाणाचे विमान असो वा धातूचे, ते उभे राहते त्या दिवशी गर्दी जमते. ते टिकते मात्र पुढच्या असंख्य निरुत्साही दिवसांवर. त्या दिवसांची कथा लिहिणारा लेखक मराठीला हवा आहे. त्याने पुष्पकास खुशाल नमस्कार करावा; पण लिहावयास बसताना शेजारी वंगणाचे डाग पडलेली एखादी वही ठेवावी.